पाव येईल त्यालाच घर

जूनचा दुसरा रविवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. भाडं महिना साडेसहा हजार, अनामत तीस हजार, मुदत अकरा महिने. हजर तिघे: घरमालकीण, मी आणि माझी बायको. टेबलावर शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला करार होता, त्यावर माझं नाव होतं. शेजारी जाळीवर दालचिनी-मनुक्यांचे दोन पाव गार होत होते. घरमालकिणीनं पेनाचं टोपण काढलं नव्हतं. आधी पावाचा निकाल, मग सही, असं त्यांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं.

भाडेकराराला लोकांना आधार कार्ड लागतं, फोटो लागतो, दोन साक्षीदार लागतात. मला पाव लागला. असं का, हे कळायला आधी त्या बाई कळायला हव्यात. तीन वर्षं त्यांच्या डोक्यावर राहूनही मला त्या नीट कळल्या होत्या असं मी म्हणणार नाही.

सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची एकोणीस आमच्याच तालुक्याच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात. लग्न केलेलं नव्हतं. बुटक्या, पांढरी सुती साडी, आणि खांद्याजवळ पिनेनं अडकवलेलं उलटं घड्याळ. निवृत्तीनंतरही ते घड्याळ उतरलं नाही. खालच्या मजल्यावर त्या, वर आम्ही. मी कडगंचीला विद्यापीठाच्या हिशेब विभागात, सकाळी आठ चाळीसची बस. घर घेतलं ते एकाच कारणानं, की मुलीची शाळा फाटकासमोर होती. रस्ता ओलांडून बेचाळीस पावलं. मी मोजली होती.

घर घेताना मला रविवारची कल्पना कुणी दिली नाही.

रविवारी सकाळी आठपासून नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत वरच्या मजल्यावर गीझर, इस्त्री आणि मिक्सर बंद. जिन्यावरून चालायचं ते चपला हातात घेऊन. कारण खाली ओव्हनमध्ये पाव असायचा. त्याआधी पहाटे पाचपासून कणीक भिजत, फुगत असायची, आणि सिस्टर त्या कणकेला पेशंट म्हणायच्या. थट्टा म्हणून नव्हे. पेशंट झोपलाय, पेशंटला वारं लागू देऊ नका, पेशंट आता उठायलाय. परात नव्या दुपट्यात गुंडाळलेली असायची. यीस्टच्या पाण्यात त्या तापाचा काचेचा थर्मामीटर झटकून घालायच्या आणि उजेडाकडे धरून वाचायच्या. एकशे एक फॅरनहाइट पाहिजे. शंभराच्या खाली पेशंट सुस्त, एकशे पाचच्या वर बेचैन. मनुके अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून एकेक पुसायच्या, न्हाऊ घातलेलं लेकरू पुसावं तसे. दालचिनी कणकेत मिसळलेली त्यांना चालायची नाही. तिनं पेशंटला गुंगी येते, म्हणून ती साखर-लोण्याबरोबर मधल्या गुंडाळीतच भरायची.

एकदा मी आठ पन्नासला विसरून इस्त्री लावली. फ्यूज गेला. सिस्टर वर आल्या, हातात अर्धा कच्चा पाव. त्यावरचा कपडा काढून त्यांनी तो मला दाखवला, मोठ्या डॉक्टरांना दाखवतात तसा, आणि खाली गेल्या. चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाल्या की साहेबांचा शर्ट चुरगळलेलाच बरा दिसतो.

पावाची भांडी हा आणखी एक ताप. त्या किडनी ट्रेमध्ये पाव भाजायच्या. दवाखान्यात सुया आणि कापूस ठेवायला वाकडी स्टीलची ताटली असते, ती. कलबुर्गीच्या सर्जिकल दुकानातून कोऱ्या आणलेल्या होत्या, पावती मी स्वतः बघितली, पण ती पावती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता येत नव्हती. बायकोचा भाऊ मंठाळहून आला होता. त्याच्यापुढे तो वाकडा पाव आला. हे कशात केलंय, असं त्यानं विचारलं आणि सिस्टरांनी खरं ते सांगितलं. त्याला त्या दिवशी अचानक उपास निघाला. शेवटी बायकोनं दोन लांबट डबे आणून दिले. सिस्टरांनी ते उलटसुलट करून बघितले आणि भांडं सरळ आहे पण त्याला कूस नाही, असा शेरा मारून वापरायला घेतले.

दोन पावांचे चोवीस काप व्हायचे. वॉर्डात खाटा अठरा. दर रविवारी अकरा वाजता सिस्टर पिशवी घेऊन दवाखान्यात जायच्या, खाटेमागे एक काप, उरलेले सहा झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायकांना. निवृत्तीनंतर सात वर्षं एक रविवार चुकला नव्हता. डॉक्टर बदलले, त्यांना हे कुणी सांगितलं असेल की नाही, माहीत नाही. कुणी अडवलं नाही एवढं खरं.

मला हे काम वायफळ खर्चाचं वाटायचं. डबा चोवीस सेंटिमीटर लांब. एक सेंटिमीटरचा काप केला तर एकाच पावात चोवीस काप निघतात, अर्धा किलो पीठ आणि सगळं निम्मं वाचतं. मी हे कागदावर आकृती काढून त्यांना दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि कागद घडी घालून परत दिला.

"साहेब, एवढा पातळ काप ताटात पडला तर बाईला वाटंल, कुणाचं तरी उरलेलं आलंय."

मी कागद ठेवून घेतला. हिशेबात चूक नव्हती.

एकदा त्यांचा गुडघा धरला होता म्हणून पिशवी घेऊन मी बरोबर गेलो. दारापर्यंतच जायचं ठरलं होतं, पण आतून बोलाचाली ऐकू आली म्हणून थांबलो. हुलसूरकडची एक सासू सुनेच्या खाटेपुढे आडवी उभी होती. सोबत डिंकाचे लाडू, आळीव, शेपू, खसखस, सगळं डब्यांत भरून आणलेलं. तिचं म्हणणं, मैदा दिला की दूध आटतं, आणि हे सरकारी लाड तिच्या सुनेला नकोत. सिस्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. अर्धं गव्हाचं पीठ आहे, हेही सांगितलं नाही. डिंक चांगला म्हणाल्या, आळीव चांगलं म्हणाल्या, शेपूची तर स्तुतीच केली. मग म्हणाल्या,

"हे समदं लेकरासाठी झालं. हिच्यासाठी काय आणलाव?"

सासूनं डब्यांकडे बघितलं. एकेक डबा मनात उघडून बघत असावी. सिस्टरांनी काप सुनेच्या हातात ठेवला.

"हे दुधासाठी न्हाई. हे हिच्यासाठी हाय."

ती मुलगी भिंतीकडे तोंड करून खायला लागली. आधी मनुके वेचून खाल्ले, मग बाकीचं. सासू बाजूला झाली नव्हती.

घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं, सिस्टर कशा कुणाशीही वाद घालतात याचं उदाहरण म्हणून. ती वाढत होती. काप गरम होता का, एवढंच तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं.

करार संपत आला तो मे महिना. मुलगी दहावीत जाणार. मी मागच्याच कराराच्या मजकुरात तारखा बदलून कागद खाली नेला. सिस्टरांनी ओळ न ओळ वाचली आणि म्हणाल्या की एक अट राहिली आहे. ज्याचं नाव कागदावर, त्याला पाव आला पाहिजे. मला वाटलं, गंमत करतात. मी कारण विचारलं.

"कामून म्हंजी? घर माझं हाय."

कारण मला दिसत होतं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या बोटांचे सांधे आल्याच्या कांड्यांसारखे सुजले होते. पेन त्या मुठीत धरायच्या. आधी बारा मिनिटांत मळून होणारी कणीक आता पंचवीस मिनिटं घ्यायची, मध्ये तीनदा थांबून. खालून परातीचा आवाज थांबायचा आणि मी घड्याळ बघायचो. वॉर्डाचा पाव बंद पडणार, हे त्यांना दिसत होतं. पण मी हे तोंडावर बोललो असतो तर त्याच दिवशी घर खाली करायची नोटीस मिळाली असती. त्यांनी बोटं पदराखाली घेतली होती.

मी दुसरी दोन घरं बघून आलो. एक शाळेपासून चार किलोमीटर, दुसऱ्यात नळाला तीन दिवसांआड पाणी. मुलीचं वर्ष तसलं. तेव्हा पाव शिकण्याला इलाज नव्हता.

आधी दोन रविवार मी शिकाऊ म्हणून बसलो. मला आकडे हवे होते. यीस्ट दहा ग्रॅम, साखर ऐंशी, लोणी साठ, मीठ पंधरा, मनुके दोनशे, इथवर नीट गेलं. पीठ किती, विचारलं तर म्हणाल्या, लागंल तेवढं. मी परातीखाली वजनकाटा सरकवून ठेवला. एका रविवारी नऊशे नव्वद ग्रॅम लागलं, पुढच्या रविवारी एक हजार साठ. सत्तर ग्रॅमचा फरक का, तर म्हणे आदल्या दिवशी आभाळ आलं होतं. ज्या बाईला पाण्याचा ताप डिग्रीत लागतो, तिला पिठाचं वजन आभाळावर सोडलेलं चालतं. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि सरासरी काढली. त्यांनी ती वही बघून ती औषधाच्या कपाटात ठेवा म्हणून सांगितलं, लेकरांच्या हाती लागायला नको.

जूनच्या पहिल्या रविवारी माझी पाळी. त्या दिवशी वॉर्डात जाईल तो माझाच पाव, असं त्यांनी ठरवलं आणि स्टुलावर हात बांधून बसल्या. शिकवणी संपली, आता बोलणार नाही, म्हणाल्या. मी पातेलं गॅसवरून उतरवलं आणि थर्मामीटर आत घातला. तो फुटला. तापाचा थर्मामीटर एकशे आठपर्यंतच असतो, पाणी नुकतं उकळलेलं होतं. पाऱ्याचं ते पाणी सिस्टरांनी स्वतः बाहेर नेलं, पातेलंही टाकलं आणि परत येऊन हात बांधून बसल्या.

आता थर्मामीटर नव्हता. दुसरं पाणी मी बोट बुडवून बघितलं. इथे जे झालं ते मी लपवत नाही. मी ज्वारीच्या घरात वाढलो. आमच्याकडे आधणाचं पाणी ओतल्याशिवाय पीठ भिजत नाही, चटका बसल्याशिवाय भाकरी थापता येत नाही. आई मळायची ती फुंकर घालत. एकटा राहायचो तेव्हा मीही तसंच केलं. माझ्या बोटाला जे पाणी बेताचं वाटलं, ते यीस्टला आधणच होतं.

कणीक दोन तास दुपट्यात होती. तसूभर वर आली नाही. सिस्टरांनी दुपटं बाजूला केलं, दोन बोटं दाबली, खळगा तसाच राहिला. त्यांनी खांद्यावरचं घड्याळ वर करून बघितलं.

"नऊ वाजून वीस," म्हणाल्या. "एकशे आठच्या पुढं माणूस राहत न्हाई. हे तर बारीक जनावर."

त्यांनी त्या कणकेवर दुपटं पुन्हा तोंडावरून ओढलं. मला हसूही येईना आणि रागही आवरेना. मग त्या साडी नीट करून रिकाम्या हातानं दवाखान्यात गेल्या. पाव नाही तर जायचं कशाला, असं मी म्हणालो. सात वर्षांत पहिल्यांदा चुकलं होतं. त्या अठरा खाटांपाशी जाऊन, आज नाही, असं सांगून आल्या. संध्याकाळी मला एवढंच कळवलं की जुना करार वीस तारखेला संपतो आणि मध्ये एकच रविवार आहे.

त्या रविवारी त्या सहा वाजता बुद्धविहारात गेल्या. परीक्षेला मास्तर वर्गात नसावा, म्हणाल्या. दहाला येणार होत्या. मी नवा डिजिटल थर्मामीटर आणला होता. पाणी एकशे एक पॉइंट दोन. यीस्टला फेस आला. इतकं सगळं बरोबर झाल्यावर मी मनुके भिजवून मग तोलले, आणि न पुसता, अंगच्या पाण्यासकट कणकेत घातले. परातीत लापशी झाली. मी दहा-दहा ग्रॅम पीठ वाढवत गेलो आणि वाढीव पिठाला यीस्ट किती, याचं त्रैराशिक मांडत गेलो. सात वाजून वीस मिनिटं झाली.

बायको दारात उभी होती, आधीचे तीनही रविवार बघत उभी होती तशीच. तिनं पदर खोचला.

"सरका," म्हणाली.

ती लापशी तिनं बादलीत ओतली आणि नवं पीठ घेतलं. मी वहीतून आकडे वाचायला लागलो. ती ऐकत नव्हती. पाणी तिनं थर्मामीटरनं बघितलं नाही, मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतलं. तान्ह्या मुलीच्या आंघोळीचं पाणी ती तसंच बघायची, पंधरा वर्षांपूर्वी. भाकरी तीही करते, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली, आधणाच्याच पाण्यात. पण तिच्या हाताला दोन पाणी माहीत होती, माझ्या हाताला एकच. जूनच्या उकाड्यात कणीक पन्नास मिनिटांत दुप्पट झाली. तिनं ती लाटून, लोणी-साखर-दालचिनी पसरून, पुसलेले मनुके पेरून आळूवडीसारखी घट्ट गुंडाळली. नऊ पन्नासला दोन्ही पाव बाहेर आले. घरभर वास सुटला.

मग तिनं मला बजावलं की पाव तुम्ही केला म्हणा. सही होऊ द्या, मुलीचं वर्ष निघू द्या, पुढचं पुढे बघू. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

सिस्टर आल्या. एक पाव उचलून उलटा केला आणि बुडावर बोटानं ठोकला, छाती तपासतात तसा. पोकळ आवाज आला. मग सुरी दोन्ही हातांनी धरून मधोमध कापला. आत दालचिनीची गुंडाळी नीट फिरलेली होती, मनुके जागच्या जागी. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"कुणी केला?"

बायको माझ्याकडे बघत होती. समोर शाळा, चार किलोमीटरवरचं घर, तीन दिवसांआडचं पाणी, सगळं मला दिसत होतं. पण बावीस वर्षं मी एकच काम केलंय. जो माल माझ्या हातून आला नाही, त्यावर मी सही करत नाही. यात मोठेपणा नाही, ती खोड आहे.

"हिनं केला," मी म्हणालो. "मी आकडे वाचत होतो."

"ऐकली का ती आकडे?"

"नाही."

बायकोनं मान फिरवली. दुपारी मला काय ऐकावं लागणार ते त्या मानेवरून कळलं. सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं, करार ओढला आणि माझ्या नावावर काट मारली. एकच रेघ, पण कागदावर उमटेल अशी. वर बायकोचं नाव लिहायला त्यांनी मला पेन दिलं, कारण बोटं वळत नव्हती. मी म्हणालो की असं खाडाखोड केलेलं चालत नाही, स्टॅम्प वाया गेला, नवा काढावा लागेल. मग काढा, म्हणाल्या. अट तीच आहे, ज्याला पाव येतो त्याचं नाव.

माझ्याशी बोलणं संपवून त्या बायकोकडे वळल्या.

"पोरी, तुझं बाळंतपण कुटं झालतं?"

"मंठाळला. माहेरी."

"काय काय दिलते?"

बायकोनं सांगितलं. डिंक, आळीव, शेपू, खसखस, बाजरीची पातळ कण्हेरी. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. सिस्टरांनी कडेचा काप बाजूला सारला आणि मधला जाड काप तिच्या हातात दिला.

"व्हय. मग आता हे खा."

ती खिडकीकडे तोंड करून उभ्यानंच खात राहिली. मी कराराचा कागद वाचत बसलो. त्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उरलेले तेवीस काप त्या दिवशी वॉर्डात गेले. पिशवी मी नेली.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकून नवा स्टॅम्प काढला. भाडेकरू बायको, साक्षीदार मी. तेवढ्यावर भागलं असतं, पण जुनी अनामत माझ्या नावानं भरलेली होती. सिस्टर म्हणाल्या की ते पैसे साहेबांचे, नव्या भाडेकरूची अनामत वेगळी. तेव्हा त्यांनी मला तीस हजारांचा चेक दिला, मी तीस हजार बायकोच्या खात्यात भरले, आणि बायकोनं तीस हजारांचा चेक त्यांना दिला. बँकेतल्या मुलानं विचारलं, कामून फिरवायलाव, काका? मी त्याला पावाबद्दल काही सांगितलं नाही.

पुढचे अकरा महिने रविवारी गीझर बंदच राहिला. फक्त आता पेशंट बायकोचा होता आणि स्टुलावर सिस्टर. इस्त्रीबद्दल आता मला दोघी बोलायच्या. मुलगी दहावी झाली. करार संपत आला तेव्हा सिस्टरांना न्यायला त्यांची भाची बिदरहून गाडी घेऊन आली. बोटं आता भाकरी मोडण्यापुरतीही वळत नव्हती. घर विकायला काढलं, आम्ही दोन गल्ल्या पलीकडे जागा बघितली. निघायच्या दिवशी त्यांनी मला चेक लिहायला सांगितला आणि खाली अंगठ्याच्या बेचक्यात पेन धरून सही केली. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी तो चेक माझ्या हातावरून पलीकडे, बायकोला दिला.

रुपये तीस हजार. त्यातले अकरा हजार चारशे बायकोनं त्याच आठवड्यात ओव्हनच्या दुकानदाराला दिले. बाकीचे अठरा हजार सहाशे तिच्या खात्यावर आहेत. ते मुळात माझे होते, हे मी तिला अजून बोललेलो नाही.